पलीकडच्यांचा दोर

दि. ४ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींनी पाठवलेला चष्मा बाबांना अगदी चपखल बसला, पण ते कबूल करत नाहीत. कोणी बघत नसलं की लावतात आणि पावलं वाजली की खिशात घालतात. म्हणून आत्या हल्ली मुद्दाम चपला काढून त्यांच्या खोलीत जाते. परवा पकडलंच. बाबा म्हणाले की काच पुसत होतो. पुसत होते, पण नाकावर ठेवून!

बाकी सगळं जिथल्या तिथे. सकाळी दोर वळायचे, दुपारी नदीपार उतारू नेणारी तर हाकायची. काकांच्या थोरल्याला तरीचा मुकादम केल्यापासून तो नाकाने कांदे सोलतो. माझ्या हाताखालचा दोर उलगडून बघतो आणि पीळ ढिला आहे म्हणतो. ढिला नसतो.

तू ओळखलंच असशील, एवढं पाल्हाळ लावलंय म्हणजे पोटात काहीतरी आहे. आहे.

हिवाळ्यात इंजिनाचं लायसन काढायला मी बाहेर राहिलो होतो ना, तिथं खोलीत दोन खाटा होत्या. दुसऱ्या खाटेवरचा पोरगा इतका उंच की पाय घोट्यापासून पुढे खाटेबाहेर. त्याला सगळे शिडी म्हणतात. त्यानं ट्रंकेचा दोर सोडला तर त्यात एक पेड तांबडा. आपल्या दोरात निळा असतो तसा. ताई, तो पलीकडच्यांचा निघाला. नदीच्या त्या काठचा, त्याच घरातला.

बाबांनी आपल्याला धक्क्यावर उभं करून काय शिकवलं होतं, आठवतं ना? माणूस पाण्यात पडला तर आधी दोर टाकायचा, मग हाक मारायची. आपला असो की परका. पलीकडचा पडला तर मात्र तोंड फिरवायचं, कारण त्यांनी आपल्या पणजोबांच्या भावाला दोर टाकला नाही. शिडीला त्याच्या आजीनं हेच शिकवलंय, शब्दाला शब्द. फक्त बुडालेला माणूस त्यांचा आहे. आणि ते आपल्याला पलीकडचे म्हणतात. हे कळल्यावर आम्ही इतके हसलो की शेजारच्या खोलीतून भिंत ठोठावली.

मी आता सरळ लिहितो, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही. माझं त्याच्यावर प्रेम आहे. मित्र म्हणून नाही. म्हणजे मित्र म्हणूनही आहेच. त्याचंही आहे. तुमच्या बंदरातल्या मोठ्या फेरीबोटीवर दोन खलाशी हवेत, आम्ही दोघांनी अर्ज केलाय. बोलावणं आलं की इथून निघायचं. तोवर कोणाला कळलं तर त्याच्या घरचे त्याला ठेवणार नाहीत आणि आपले मला.

तू रागावलीस तरी रागावल्याचं पत्र लिही. गप्प बसू नकोस.

लोभ आहेच, या पत्रानंतरही तेवढाच राहू दे.
तुझा
बारक्या

*

दि. १३ जून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

तुझं पत्र वाचलं, शिवणयंत्राच्या खणात ठेवलं, आणि एका गृहस्थाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. ते बिचारे आरशासमोर बराच वेळ स्वतःलाच दोष देत होते.

खोटं कशाला बोलू, आधी राग आला. दिवसभर आला. मग लक्षात आलं की हा राग नाही, भीती आहे. आणि ती तू कोणावर जीव लावलास म्हणून नाही, तो कोणाच्या घरातला आहे म्हणून. काका किती गोड बोलून माणसाला घराबाहेर काढतात ते मी बघितलंय.

ह्यांना सांगितलं. मला वाटलं, आता काहीतरी शहाणपणाचं ऐकावं लागणार. ह्यांनी एवढंच विचारलं की तो मुलगा बुद्धिबळ खेळतो का. खेळत असला तर वरची खोली रिकामी आहे, नसला तरी आहे. फक्त दाराची चौकट बुटकी आहे, तेव्हा त्याला वाकून यायची सवय करायला सांग.

बाबांच्या कानावर यातलं अक्षर जाता कामा नये. नदीवर एकमेकांकडे बघूसुद्धा नका. तू लहानपणापासून चेहऱ्यावर सगळं घेऊन हिंडतोस, म्हणून मला झोप लागत नाही.

सांभाळ रे. तुझ्यावरचा जीव काही कमी होत नाही, त्याची काळजी करू नकोस.
तुझी
ताई

*

दि. १९ जुलै

ताई,

नमस्कार वगैरे तूच समजून घे. बाबा जिवंत आहेत, हे आधी लिहितो.

नदीला पाणी चढलं होतं. मी घरी इंजिनाचं तेल आणायला जातो म्हणून सांगितलं आणि शिडी हाकतो त्या पलीकडच्यांच्या लाँचवर गेलो. बंदरातून बोलावणं आलं होतं, दोघांनाही. ते पत्र एकत्र वाचायचं होतं, एवढ्यासाठी गेलो. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

वरून एक ओंडका वाहत आला आणि आपल्या तरीला लागला. बाबा तो काठीनं ढकलायला गेले आणि पाण्यात पडले. काकांचा थोरला तरीच्या दुसऱ्या टोकाला होता, त्यानं टाकलेला दोर पोचला नाही. आम्ही जवळ होतो. शिडीनं क्षणभरही विचार केला नाही. दोर टाकला. तांबड्या पेडाचा दोर, ताई, आणि बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला. आम्ही ओढला. हातभर अंतर राहिलं आणि दोर एकदम हलका झाला. बाबांचा हात निसटला होता. शिडीनं उडी मारली. मी इंजिन सांभाळत राहिलो, दुसरं काही करता येत नव्हतं. त्यानं बाबांना धरून आणलं तेव्हा दोघांतलं कोण जिवंत आहे ते कळत नव्हतं.

काठ जवळ आला तेव्हा शिडी म्हणाला की तू ताडपत्रीखाली जा. आणि मी गेलो. मी का गेलो? बाबा समोर पडले होते आणि मी ताडपत्रीखाली गेलो.

आता काका म्हणतात की त्यानं लाँच मुद्दाम तरीवर घातली आणि बाबांना पाडलं. थोरला साक्ष द्यायला तयार आहे. शिडीला चौकीत नेलंय. त्यानं अंमलदाराला सांगितलं की लाँचवर तो एकटाच होता. मी खरं सांगायला निघालो तर त्यानं चौकीतल्या पोऱ्याकडून निरोप पाठवला की तू बोललास तर आपलं दोघांचं सगळं बाहेर येईल आणि तुझे चुलतभाऊ तुला जिता ठेवणार नाहीत. त्याच्या घरचं कोणी चौकीकडे फिरकलं नाही. त्यांच्या लेखी त्यानं आपल्या माणसाला दोर टाकला, म्हणजे तो मेला. दोन्ही काठांवर त्याचं कोणी नाही.

खरं सांगू शकतात ते फक्त बाबा. ते भिंतीकडे तोंड करून पडलेत. तळहात सोलून निघालेत, आत्या भरवते. मी विचारलं की डोळे मिटतात. ताई, मी काय करू?

बारक्या

*

दि. २२ जुलै

चि. सौ. लेकीस,
तुझ्या काकाचे अनेकोत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम, म्हणजे तुझे वडील सोडून. पलीकडच्यांच्या त्या ताडमाड पोरानं आपल्या तरीवर लाँच घातली, हे तुला कळलंच असेल. माझ्या थोरल्यानं डोळ्यांनी पाहिलं. मधूनच तो म्हणतो की डोळ्यांत पाणी गेलं होतं, पण ते मी सांभाळून घेईन.

त्या पोराचं म्हणणं असं की त्यानं दोर टाकला आणि तुझ्या वडिलांनी धरला. ऐकून मला हसू आवरेना. माझा भाऊ पलीकडच्यांचा दोर धरेल? तो बुडेल, पण धरणार नाही. उद्या हे खरं ठरलं तर आपल्या घराण्यानं तोंड कुठं दाखवायचं?

येत्या सोमवारी अंमलदार जबानी घ्यायला घरी येणार आहेत. तुझ्या वडिलांना फार बोलायचंही नाही, नुसती मान हलवायची. पण आमच्याशी ते शब्द बोलत नाहीत. तुझं ते ऐकतात. तू दोन ओळी लिहून पाठव, म्हणजे काम होईल.

बारक्याचं जेवणावरून लक्ष उडालंय. बापावर फार जीव पोराचा. कौतुक वाटतं.

तुझ्या शिवणकामाची भरभराट होवो. आम्हावर आहे ती माया तशीच असो.
तुझा
काका

*

दि. २५ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न.

हे पत्र आत्याकडून वाचून घ्या, काकांकडून नको.

काकांनी मला तुम्हाला दोन ओळी लिहायला सांगितलंय. तुमचे तळहात दोरानं सोललेत. पाण्यानं सोलत नाहीत. झाल्या दोन ओळी.

बाबा, एक पोरगा चौकीत बसलाय आणि त्याला सोडवायला त्याचं घर येणार नाही. तो कोणाचा आहे ते मला माहीत आहे. तुम्ही पलीकडच्यांचा दोर धरलात याची मला लाज वाटत नाही. तुम्ही धरलात म्हणून मी आज हे पत्र लिहिते आहे, नाहीतर रडत बसले असते. घराण्याची अब्रू तुम्ही आयुष्यभर वाहिलीत. आता त्या पोराच्या अंगावर ती टाकू नका.

सोमवारी जे झालं ते सांगा. माझं दुसरं काही मागणं नाही.

हात लवकर बरे व्हावेत, आणि माझ्यावरची माया या पत्रापायी आटू नये.
तुमची
मुलगी

*

दि. २ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा बोलले. काका आणि सगळे चुलतभाऊ दारात उभे असताना बोलले. म्हणाले की ओंडक्यानं पडलो, त्या पोरानं दोर टाकला, मी धरला, मग त्यानं उडी मारून मला काढलं. अंमलदारानं विचारलं की लाँचवर आणखी कोणी होतं का. बाबा नाही म्हणाले.

शिडी सुटला. हे वाचून तू आनंदानं उठशील, म्हणून घाईनं पुढचं लिहितो.

सगळे गेल्यावर बाबांनी मला आत बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. त्यांनी मला बघितलं होतं, ताई. लाँचवर, दोर ओढताना. एवढे दिवस डोळे मिटून पडले होते ते त्यासाठी. म्हणाले की मी त्याला सोडवलं, आता तू त्याला सोड. आईच्या आठवणीची शपथ घे की त्याला भेटणार नाहीस, पत्र लिहिणार नाहीस, का ते सांगणारही नाहीस. नाहीतर उद्या चौकीत जाऊन जबानी फिरवतो.

मी शपथ घेतली. त्याचा जीव होता त्यात, मी दुसरं काय करणार होतो?

तो बंदराकडे गेला असं कानावर आलं. जाताना आपल्या धक्क्यासमोरच्या रस्त्यावर उभा राहिला होता. मी दोरांच्या कोठीत होतो. बाहेर आलो नाही. त्याला काय वाटलं असेल, याच्यापलीकडे माझ्या डोक्यात काही नाही. दोर वळायला बसलो की पीळ उलटा पडतो. थोरला हसतो.

काल धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा होतो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. आत्यानं हाक मारली म्हणून परत आलो. तेव्हापासून ती माझ्या मागे मागे असते.

तू मला काही समजावू नकोस. नुसतं लिहीत राहा.
तुझा
बारक्या

*

दि. ९ ऑगस्ट

सौ. ताईंस,
सप्रेम नमस्कार.

तुमची माझी ओळख नाही. मी तो उंच. तुम्ही याच शहरात राहता हे मला माहीत आहे, पण न विचारता दारात येणं बरं दिसलं नाही, म्हणून पत्र.

बोटीवरचं काम मला मिळालं. दुसरी जागा त्यांनी अजून भरलेली नाही. तो घरच्या अडचणीत आहे, येईल, असं मी सांगून ठेवलंय. त्याचं पत्र आलेलं नाही. तो रस्त्यावर बाहेर आला नाही, त्याला काही कारण असेल. मी विचारणार नाही. त्यानं घर निवडलं असेल तर तसं. पण तो जेवतो का, एवढं तुम्ही कळवलंत तर उपकार होतील.

पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे. तुमच्या बाबांना पाण्याजवळ एकटं जाऊ देऊ नका.

त्याला वाटतं, त्यांचा हात निसटला. त्याला तसंच वाटू दे, हात जोडून सांगतो. मी पुढे होतो, मला दिसलं. निसटलेला हात आणि सोडलेला हात यांतला फरक आपल्या दोन्ही घरांत पोरासोरांनाही कळतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तरी धरून होते. मग माझ्यामागे त्याला बघितलं. आणि बोटं उघडली. दोर सुटला नाही, ताई, त्यांनी सोडला. ज्यानं एकदा सोडला तो पुन्हा सोडेल अशी मला भीती वाटते, आणि ती मी दुसऱ्या कोणाला सांगू?

खांदा लाँचच्या कडेवर आपटला होता, तो अजून वर होत नाही. बाकी बरा आहे. खाट इथंही आखूडच मिळाली.

आपुलकी ठेवा असं अनोळखी माणसानं म्हणावं का, कळत नाही. तरी म्हणतो.
आपला
शिडी

*

दि. १२ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न.

तुमच्याशी आजवर मी वर तोंड करून बोलले नाही. आज बोलते आहे.

बारक्या धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहतो. तुम्हाला माहीत आहे? आत्यानं तुम्हाला सांगितलं नसेल, कारण तुम्ही तिलाही भिंतीकडे तोंड करून उत्तर देता. तो शपथ मोडणार नाही, कारण तो तुमचा मुलगा आहे. तो तुमच्या डोळ्यांसमोर झिजून जाईल आणि तुम्ही त्याला घराण्याची लाज राखली म्हणाल.

तुम्ही दोर सोडलात ते मला कळलंय. कोणाकडून, ते ओळखा. त्यानं ते तक्रार म्हणून लिहिलं नाही, आणि बारक्याला आम्ही दोघंही सांगणार नाही. बाबांना पाण्याजवळ एकटं जाऊ देऊ नका, हे सांगायला लिहिलं. ज्याला तुम्ही माझ्या भावापासून तोडलंत, त्याला तुमची काळजी लागून राहिलीय. मी ते वाचून शिवणयंत्रावर डोकं ठेवून रडले.

तुम्ही सोडलात तेव्हा उडी मारणारा कोणीतरी होता. उद्या बारक्या गेला तर कोण मारणार? तुमचे हात चालत नाहीत. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी जातं. जो मारेल त्याला तुम्ही लांब घालवलंय.

शपथ परत घ्या. आई असती तर तिनं ती घेऊच दिली नसती. तुम्ही नाही घेतलीत तर मी येऊन त्याला हाताला धरून घेऊन जाईन, आणि मग मला मुलगी म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तरीही तुमचीच,
मुलगी

*

दि. २० ऑगस्ट

चि. सौ. मुलीस,
आशीर्वाद.

अक्षराकडे बघू नकोस. बोटं अजून पुरती मिटत नाहीत. तुझ्या पत्राचा फार राग आला. फाडायला गेलो तर फाडता येईना, म्हणून पुन्हा वाचलं. मग पुष्कळदा वाचलं.

हो, सोडला. तांबडा पेड बघून नाही. तुझ्या काकाला वाटतं की मी त्यांचा दोर धरणार नाही. पाण्यात गेल्यावर माणूस रंग बघत नाही, मीही बघितला नाही. बारक्याला बघितलं. दोघांचे हात एकाच दोरावर. बारक्या ओरडत होता, पण मला नाही, त्या पोराला, ओढ म्हणून. मी त्याचा बाप आहे. त्या एका ओरडण्यात मला सगळं कळलं, आणि वर येऊन त्याच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा खाली गेलेलं बरं वाटलं.

तो पोरगा पाण्यात आला तेव्हा मी त्याला लाथ मारली. खांद्यावर. त्यानं तुला लाँचची कड सांगितली असेल. जबानीतही त्यानं तेच सांगितलं. मी धडपडत होतो, त्यानं मागून धरलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाला की बाबा, तो बघतोय, त्याच्यासमोर नको. एवढंच. मग मी धडपड थांबवली.

असल्या पोराला मी चौकीत बसू दिलं, आणि सोडवलं तेही किंमत घेऊन.

आज सकाळी बारक्याला समोर बसवलं आणि सांगितलं की शपथ संपली. हात निसटला नव्हता हेही सांगितलं. तुम्ही दोघांनी ते त्याच्यापासून लपवायचं ठरवलं होतं, मला ते जमलं नाही. त्यानं माझ्या हाताची जुनी पट्टी सोडली, औषध लावलं, नवी बांधली.  मग पिशवी भरली आणि निघाला. मला माफ केलं की नाही ते कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

आमचं बोलणं थोरल्यानं दाराआडून ऐकलं असावं, तुझा काका आणि चुलतभाऊ रस्ता अडवून उभे होते. मी मधे जाऊन उभा राहिलो. हात बांधलेले, मारायचं तर मारताही आलं नसतं, पण उभा राहिलो. तुझा काका म्हणाला की हा इथून गेला तर आजपासून तूही पलीकडचा. पाण्यात पडलास तर या काठावरून कोणी दोर टाकणार नाही. मी म्हटलं, टाकू नका. बारक्या माझ्या पाठीमागून निघून गेला. मी वळून बघितलं नाही, कारण वळलो असतो तर त्यांनी त्याला धरलं असतं.

आता तरीवर मला घेत नाहीत. आत्या तेवढी बोलते. मी पाण्याजवळ जात नाही, त्या पोराला सांग.

बारक्या पोचला का? पोचला, एवढं एकच अक्षर पाठवलंस तरी पुरे. आणि त्या दुसऱ्याचा खांदा वर होतो का, तेही विचारून कळव. मी विचारलं असं सांगितलंस तरी चालेल.

माया ठेव असं म्हणायला मला तोंड नाही. तरी ठेव.
तुझा
बाबा